गाडीच्या एसीचा टेम्परेचर सेन्सर: गॅस भरण्याआधी बर्फाच्या पाण्यात तपासा

एप्रिल लागला की नाशिकमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि एसीच्या गॅरेजबाहेर गाड्यांची रांग लागते. तक्रार एकच असते, एसी थंड करत नाही. उत्तरही बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं, गॅस संपला, भरून घ्या. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळती आहे, आणि गळती नसेल तर गॅस भरून दोष जाणार नाही. उलट जास्तीच्या गॅसने कॉम्प्रेसरवर, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपावर, ताण येतो. अशा बऱ्याच तक्रारींच्या मागे दोन वायरींचा, बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर असतो. तो घरच्या घरी तपासता येतो आणि अनेक गाड्यांमध्ये गॅसला हात न लावता बदलताही येतो. माझा आग्रह एवढाच आहे की आधी मोजा आणि मगच सुटा भाग विकत घ्या.

कोणता सेन्सर?

गाडीच्या एसीत तापमानाशी संबंधित सेन्सर एकाहून जास्त असतात. बाहेरच्या हवेचा सेन्सर पुढच्या जाळीमागे किंवा बंपरच्या आत बसवलेला असतो. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत आतल्या हवेचा सेन्सर डॅशबोर्डवर, लहानशा जाळीमागे असतो. काही गाड्यांत उन्हाचा अंदाज घेणारा सेन्सर काचेजवळ बसवतात. आपला विषय मुख्यतः कूलिंग कॉइलच्या सेन्सरचा आहे, कारण मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्ही प्रकारांत हा लागतो आणि बिघडला की सगळ्यात जास्त गोंधळ हाच घालतो.

डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते, तिच्या ॲल्युमिनियमच्या पातळ फिन्समध्ये (पत्र्याच्या पट्ट्यांमध्ये) या सेन्सरचं टोक खुपसलेलं असतं. कॉइल साधारण १ ते ४ अंश सेल्सियसपर्यंत थंड झाली की तो कंट्रोलरला कळवतो आणि कॉम्प्रेसर कट होतो. तो कट झाला नाही तर कॉइलवर जमलेल्या दवाचा बर्फ होतो, फिन्समधल्या फटी बुजतात आणि हवा पुढे येतच नाही.

सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा रोध, कमी होतो, तापमान उतरलं की वाढतो. हे एक सूत्र लक्षात ठेवलं की पुढची सगळी तपासणी सोपी जाते.

लक्षणं वाचायला शिका

सेन्सर तीन प्रकारे बिघडतो आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते.

पहिला प्रकार म्हणजे रेझिस्टन्स असायला हवा त्यापेक्षा कमी होणं, किंवा सेन्सरचं टोक फिन्समधून बाहेर सरकणं. दोन्ही वेळा कंट्रोलरला वाटतं कॉइल अजून गरम आहे, म्हणून कॉम्प्रेसर चालूच राहतो आणि बर्फ धरतो. नाशिकहून निघालात, घोटीपर्यंत गाडी छान गार होती, मग ब्लोअरचा आवाज तोच पण व्हेंटमधून येणारा वारा कमी कमी होत गेला. इगतपुरीला चहाला थांबलात, पुन्हा बसलात तर सगळं ठीक. हे बर्फाचं लक्षण आहे. थांबलेल्या वेळात बर्फ वितळला आणि गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी सांडलं. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात हवेत दमटपणा भरपूर असतो, तेव्हा हा दोष जास्त लवकर दिसतो.

दुसरा प्रकार म्हणजे रेझिस्टन्स वाढणं. कॉइल गरम असतानाच कंट्रोलरला ती थंड वाटते. कॉम्प्रेसर लागतो, पण लगेच सुटतो, आणि हवा कोमटच राहते. गॅस कमी असला तरी असंच दिसू शकतं, म्हणून सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

तिसरा प्रकार म्हणजे सेन्सर किंवा त्याची वायर तुटणं. रेझिस्टन्स अमर्याद झाला की कंट्रोलर त्याचा अर्थ उणे ३०-४० अंश असा घेतो आणि कॉम्प्रेसर लागतच नाही. ब्लोअर मात्र व्यवस्थित चालतो. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात तेव्हा हे हमखास होतं.

एक अपवाद आपल्या भागात वारंवार भेटतो. मुंबईहून येताना कसारा घाट चढत असतानाच एसी कोमट होत असेल आणि वर सपाटीला आल्यावर पूर्ववत होत असेल, तर कॉइलच्या सेन्सरला दोष देऊ नका. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला असेल किंवा इंजिन तापत असेल तर इंजिनचा कंट्रोलर स्वतःहून कॉम्प्रेसर बंद करतो. अशा वेळी कूलंट, रेडिएटर आणि त्याचा पंखा बघायला हवा.

उघडण्याआधी दोन गोष्टी

केबिन फिल्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. द्राक्षाच्या हंगामात निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांचे फिल्टर धुळीने आणि पाल्याने गच्च भरलेले असतात; लासलगावच्या बाजूला कांद्याची टरफलंही सापडतात. फिल्टर बुजला की कॉइलवरून हवा कमी जाते आणि सेन्सर चांगला असूनही बर्फ धरू शकतो. फिल्टर काढून ठेवून गाडी अर्धा तास चालवली आणि तक्रार गेली, तर नवा फिल्टर घाला आणि हा लेख बाजूला ठेवा.

दुसरं म्हणजे कॉम्प्रेसरचा फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच). कॉम्प्रेसर अजिबात लागत नसेल तर हे आधी पाहा. रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून दोन मिनिटांत तपासता येतो.

स्कॅनर हाताशी असेल तर फारच चांगलं. फक्त हे लक्षात असू द्या की स्वस्तातले ओबीडी स्कॅनर (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावायचे) मुख्यतः इंजिनचे कोड वाचतात. बऱ्याच गाड्यांत एसी कंट्रोलरमधलं कॉइलचं तापमान त्यांत दिसत नाही. ज्या स्कॅनरमध्ये दिसतं, त्यात सकाळी गाडी सुरू करण्याआधी नुसतं इग्निशन ऑन करून बघा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कॉइलचं, बाहेरच्या हवेचं आणि कूलंटचं तापमान जवळजवळ सारखं असायला हवं. त्यातलं एकच फार वेगळं असेल तर संशयित सापडला.

साहित्य

डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, ८ आणि १० नंबरच्या गोट्या (सॉकेट), स्टार स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची ट्रिम पट्टी, कपाळावर लावायचा टॉर्च, एक डिजिटल थर्मामीटर, कॉन्टॅक्ट क्लीनर, झिप टाय आणि वाडगाभर बर्फ. मल्टिमीटर एमजी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात साधा मिळतो, तोच पुरतो.

सेन्सर बाहेर काढणं

गाडी सावलीत उभी करा. ग्लव्ह बॉक्सच्या वर प्रवाशाची एअरबॅग असते, म्हणून इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मगच पुढे जा. एअरबॅगच्या सर्किटमधला चार्ज उतरायला काही मिनिटं लागतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेळ दिलेली असते, मी दहा मिनिटं थांबतो. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि पिवळे कप्लर (वायरी जोडणारे प्लग) एअरबॅगचे असतात. त्यांना मल्टिमीटर लावायचा नाही आणि ते ओढायचेही नाहीत.

ग्लव्ह बॉक्स रिकामा करा. बऱ्याच गाड्यांत त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो पूर्ण खाली झुकतो. एका बाजूला डँपरची दांडी किंवा दोरी असेल तर ती आधी सोडवा. काही गाड्यांत खालून स्क्रू असतात. आत डावीकडे ब्लोअरचा गोल डबा दिसेल आणि त्याच्या उजवीकडे, गाडीच्या मध्याकडे, कूलिंग कॉइलचा काळा प्लास्टिकचा डबा. त्या डब्यातून दोन बारीक वायरी बाहेर येऊन एका लहान कप्लरला जोडलेल्या दिसतात, तोच आपला सेन्सर. काही मॉडेलमध्ये तो ड्रायव्हरच्या बाजूने असतो. दिसला नाही तर अंदाजाने प्लास्टिक तोडू नका, मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा.

इथे एक इशारा. बॉनेटखाली एसीच्या ॲल्युमिनियमच्या नळीवरही एक सेन्सर बसवलेला असतो, बहुधा तीन वायरींचा. तो गॅसच्या प्रेशरचा आहे. तापमानाचा समजून तो पान्याने फिरवू नका. नळीत दाबाखालचा गॅस आहे, आणि तो अंगावर उडाला तर त्वचा आणि डोळ्यांना गंभीर इजा होते.

काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. सेन्सर कोणत्या कोनात आहे, वायर कुठून वळवली आहे, सगळं दिसलं पाहिजे. कप्लरचं लॉक दाबून कप्लर ओढा, वायर धरून नाही. उन्हात वर्षानुवर्षं तापलेलं प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि लॉकची जीभ सहज तुटते.

सेन्सर डब्यात दोनपैकी एका पद्धतीने बसतो. पाव फेरा फिरवला की सुटणारा, किंवा क्लिप दाबून सरळ बाहेर येणारा. बाहेर काढताना तो किती आत होता तिथे टेपचा तुकडा लावून खूण करा. ही खूण पुढे अतिशय उपयोगी पडते. वाकडातिकडा हलवत काढू नका, फिन्स वाकतात.

बर्फाची चाचणी

वाडग्यात बारीक फोडलेला बर्फ भरा, वर थोडंसं पाणी घाला आणि दोन-तीन मिनिटं ढवळा. बर्फ जास्त आणि पाणी कमी असलं की मिश्रण ० अंशाला स्थिर राहतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे म्हणून पाणी इथे १०० अंशांच्या थोडं आधीच उकळतं, पण बर्फ वितळण्याच्या तापमानावर त्या उंचीचा असर नगण्य असतो. म्हणून या कामाला बर्फासारखं भरवशाचं माप नाही.

आधी खोलीतल्या तापमानाला मोजा. मल्टिमीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवा, दोन पिन कप्लरच्या टोकांना लावा. सेन्सरचं टोक हातात धरू नका, बोटाच्या उबेनेच आकडा बदलतो. आकडा आणि खोलीचं तापमान लिहून घ्या. मग फक्त टोक बर्फात बुडवा, कप्लर कोरडा ठेवा, आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहा.

तुमच्या गाडीचा तक्ता मिळाला तर त्याच्याशी ताडून बघा. नाही मिळाला तरी अडत नाही. कंपनीनुसार मूळ आकडे वेगळे असतात, पण या जातीच्या थर्मिस्टरमध्ये वाढीचं प्रमाण बऱ्यापैकी सारखं असतं. खोलीत २५ अंश असताना जो रेझिस्टन्स आहे, त्याच्या साधारण अडीच ते साडेतीन पट तो बर्फात भरायला हवा. म्हणजे खोलीत २ किलोओहम असेल तर बर्फात ५ ते ७. मे महिन्याच्या दुपारी गॅरेजमध्ये ३५ अंश असतील तर सुरुवातीचा आकडाच लहान असतो, त्यामुळे हेच प्रमाण साडेतीन ते पाच पटींपर्यंत जातं. वाढ दीडपटीवरच अडकली, आकडा उडी मारत राहिला, किंवा मल्टिमीटरने एकदम शून्य किंवा अमर्याद दाखवलं, तर सेन्सर गेला.

दोन बारकावे आहेत. बर्फात आकडा स्थिर झाल्यावरही पाच मिनिटं थांबा. बर्फ शिल्लक असूनही आकडा हळूहळू उतरायला लागला तर टोकाच्या वेष्टनाला चीर गेली आहे आणि पाणी आत शिरतंय. असे सेन्सर कोरडे असताना चांगले वाटतात आणि कॉइलवर दव धरलं की खोटं बोलतात. दुसरं, मोजत असताना वायर सगळीकडून हळूच वाकवून बघा. आकडा उडाला तर वायर आतून तुटली आहे.

सेन्सर चांगला निघाला तर गाडीच्या बाजूचा कप्लर तपासा. बॅटरी तात्पुरती जोडा, इग्निशन ऑन करा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या. सेन्सर सुटा असताना कप्लरच्या दोन पिनांमध्ये बहुतेक गाड्यांत सुमारे ५ व्होल्ट मिळतात. काहीच मिळत नसेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये आहे, नवा सेन्सर आणून उपयोग नाही. पिनांवर हिरवट गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पुन्हा बघा. उंदराने कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप लावू नका. सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक नळी चढवा. किलोओहमच्या सर्किटमध्ये सैल जोडही तापमान चुकीचं दाखवतो.

नवा सेन्सर घेताना

द्वारका-मुंबई नाका पट्ट्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाताना गाडीचा चासी नंबर आणि जुना सेन्सर दोन्ही बरोबर न्या. नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक एसीचे सेन्सर वेगळे असू शकतात, मधल्या वर्षात एसीचा पुरवठादार बदललेला असू शकतो. कप्लर बसला म्हणजे सेन्सर बरोबर, असं समजू नका. दिसायला जुळे असलेल्या दोन सेन्सरचा रेझिस्टन्स दुप्पट-तिप्पट वेगळा असतो, आणि चुकीचा बसवला की पुन्हा तेच, कोमट हवा नाहीतर बर्फ.

नवा आणल्यावर बसवण्याआधी त्याचीही बर्फाची चाचणी घ्या, जुन्याच्या शेजारी. दोघांचे आकडे दोन्ही तापमानांना जवळजवळ सारखे आले, तर जुना निर्दोष होता आणि दोष दुसरीकडे आहे. पाकीट जपून ठेवलं असेल तर दुकानदार परत घेण्याची शक्यताही राहते.

रस्त्यावर काही जण सेन्सरच्या जागी एक रेझिस्टर टाकून देतात किंवा वायरी थेट जोडतात. कॉम्प्रेसर लगेच लागतो आणि हवा गार येते, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. पण कॉइल गोठली की गॅसचं नीट बाष्प होत नाही, द्रव रूपातच तो कॉम्प्रेसरकडे परत जातो, आणि द्रव दाबायला कॉम्प्रेसर बनलेला नसतो. स्वस्तातल्या सेन्सरसाठी हजारोंचा कॉम्प्रेसर पणाला लावण्याचं हे काम कुणालाही करू देऊ नका.

बसवणं

जुन्या सेन्सरच्या लांबीशी नवा लावून त्यावर तशीच टेपची खूण करा. टॉर्चने जुनं भोक शोधा आणि त्याच भोकात, त्याच कोनात, खुणेपर्यंत सरकवा. जोर लावायचा नाही. फिन्सच्या मधून गॅसच्या चपट्या नळ्या जातात. टोक त्यांच्यावर दाबलं गेलं आणि नळीला छिद्र पडलं तर कॉइलच बदलावी लागेल, आणि त्यासाठी अनेक गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरतो. टोक कमी आत गेलं तर तो फिनचं नाही, आजूबाजूच्या हवेचं तापमान सांगेल आणि बर्फ धरेल. काही गाड्यांत सेन्सर फिन्समध्ये न खुपसता कॉइलसमोरच्या हवेत ठेवलेला असतो. तिथे मूळची जागा आणि अंतर तसंच राखा.

क्लिप बसल्याचा आवाज ऐका. भोकाभोवतीचा फोम फाटला असेल तर नवा लावा. फिन्समध्ये ग्रीस, सिलिकॉन काहीही भरायचं नाही. वायर ब्लोअर आणि ग्लव्ह बॉक्सच्या बिजागरीपासून दूर ठेवून झिप टायने बांधा, फार ताणू नका. कप्लर लावा, ग्लव्ह बॉक्स चढवा, शेवटी बॅटरी जोडा.

चालवून खात्री

खिडक्या बंद, एसी पूर्ण थंडवर, आतली हवा फिरवण्याचं बटण चालू, ब्लोअर दोनवर. थर्मामीटरचं टोक मधल्या व्हेंटमध्ये खोचा. इंजिन १,५०० आरपीएमच्या आसपास ठेवून दहा-पंधरा मिनिटं बघा. हवा उतरत उतरत साधारण ५ ते १० अंशांवर यायला हवी. मे महिन्याच्या भर दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत थोडी वरही राहील. मग कॉम्प्रेसर कट होईल, तापमान दोन-चार अंशांनी चढेल, कॉम्प्रेसर पुन्हा लागेल. हे चक्र नियमित चालू राहिलं तर सेन्सर आपलं काम करतोय. क्लच (कॉम्प्रेसर जोडणारा-सोडणारा भाग) नसलेल्या नव्या प्रकारच्या कॉम्प्रेसरमध्ये लागण्या-सुटण्याचा ‘टक’ आवाज येणार नाही, तिथे व्हेंटचं तापमान एका पातळीवर टिकून राहतं. बॉनेट उघडून बघत असाल तर बेल्टपासून आणि रेडिएटरच्या पंख्यापासून हात, ओढणी, सैल बाह्या दूर ठेवा. पंखा अचानक सुरू होतो.

उभ्या गाडीवरची चाचणी पुरेशी नाही. बर्फ धरायला वेळ लागतो, म्हणून सलग पाऊण तास तरी महामार्गावर चालवा. वारा शेवटपर्यंत तेवढाच राहिला पाहिजे. गाडीखाली थेंब थेंब पाणी पडणं चांगलं लक्षण आहे. ते पाणी गाडीच्या आत पायाखालच्या मॅटवर येत असेल तर बाहेर जाणारी निचऱ्याची नळी तुंबली आहे.

बॅटरी काढल्यामुळे काही गाड्यांत पॉवर विंडोचं ऑटो बटण काम करेनासं होतं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की अनेक मॉडेलमध्ये ते पुन्हा सुरू होतं.

बाहेरच्या हवेचा सेन्सर

याचं काम लवकर उरकतं. डिस्प्लेवर बाहेरचं तापमान उणे ४० दाखवत असेल किंवा ओबीडीमध्ये पी००७२, पी००७३ असे कोड येत असतील तर याच्याकडे वळा. काही गाड्यांत बाहेर फार थंडी आहे असं समजून कॉम्प्रेसर अडवून ठेवला जातो, म्हणजे निफाडला भर उन्हात उभी असलेली गाडीही एसी लावणार नाही. पुढून ठोकर बसलेली किंवा बंपर काढून पुन्हा बसवलेली गाडी असेल तर कप्लर लोंबकळत असण्याची शक्यता मोठी. बर्फाची चाचणी तीच. बदलल्यावर आकडा लगेच बरोबर दिसला नाही तर घाबरू नका. इंजिनच्या उष्णतेने फसू नये म्हणून अनेक गाड्या हा आकडा गाडी थोडी पळाल्यावरच बदलतात.

गॅरेजकडे कधी?

काही मॉडेलमध्ये सेन्सरपर्यंत पोचायला कॉइलचा पूर्ण डबा उतरवावा लागतो. तिथे गॅस काढावा लागतो, आणि हे काम घरी करायचं नाही. गॅस मशीननेच काढून घ्या, हवेत सोडू देऊ नका. बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए हा वायू वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त प्रभावी आहे. परत भरताना वजनावर भरला पाहिजे. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

सेन्सर आणि वायरिंग दोन्ही चांगलं निघालं, फिल्टर स्वच्छ आहे, तरी हवा कोमट, तर आता गॅसचं प्रेशर तपासण्याची वेळ आली. मेकॅनिकदादांना तुमचे आकडे दाखवा: खोलीत इतके किलोओहम, बर्फात इतके, कप्लरवर इतके व्होल्ट, आणि व्हेंटचं तापमान. गॅस खरंच कमी निघाला तर भरण्याआधी गळती कुठे आहे ते शोधून मागा.